बावीसचे पाच झाले, पण सतरा गेले कुठं?

भाऊ, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तालुक्याच्या गावी साठेक कुटुंबांची मंडळी, म्हणजे चर्च. पाळकसाहेबांनी जूनमध्ये तरुण संघ तुमच्या हाती दिला. पहिल्या रविवारी २२ पोरं-पोरी आल्या, आता ऑक्टोबरात पाच उरलेत. तुम्ही गिटार शिकलात, पदरचे पैसे घालून जुना प्रोजेक्टर घेतलात, तरी कुणी येईना. वरून मंडळीच्या पंचकमिटीतले अंकल म्हणतात, नुसतं वाजवणं चालतं, बायबलचं वचन कुठंय? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की सोडून देऊ का.

मी जालन्याकडची. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आणि संध्याकाळी, रविवारी तरुण संघ, असं १७ वर्षं केलं. मागल्या वर्षी काम धाकट्यांच्या हाती देऊन मोकळी झाले. यातलं बरंचसं चुकून शिकलेय, तेव्हा मी कुणी मोठी जाणकार आहे असं समजू नका.

तुमच्या प्रश्नात गिटार कुठल्या कंपनीची ते आहे, प्रोजेक्टर कितीला पडला ते आहे. न येणाऱ्या १७ जणांपैकी एकाचंही कारण मात्र त्यात नाही. मला वाटतं खरी अडचण तिथंच आहे. पोरं येत नाहीत हे तुम्हाला दिसतंय, ती त्या वेळी कुठं असतात हे तुम्हाला माहीत नाही. मलाही पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं. मी हजेरीची वही ठेवायची, न येणाऱ्यापुढं लाल पेनानं फुली मारायची आणि घरी जाऊन रडायची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगते. मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) आहे की मेथडिस्ट, कॅथलिक आहे की घरात भरणारी प्रार्थना सभा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडं पाळकांची बदली होते. नवे साहेब आले की जुन्यांनी काय ठरवलं होतं ते बरंचसं पुन्हा पहिल्यापासून. कॅथलिक धर्मग्रामात फादरांचा शब्द आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग, असा पाया आधीच असतो. घरगुती सभेत सगळे एकमेकांच्या नात्यातले असतात, तिथं एक भांडण झालं की अर्धा संघ गायब. म्हणून मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका. शहरातलं शिबिर बघून आलं की तिथला कार्यक्रम तसाच्या तसा इकडं करून पाहायचा, ही चूक मी पोटभर केलीय.

आता महिना बघा. जून म्हणजे शाळा-कॉलेज सुरू व्हायचा महिना, पेरणीचा महिना. बारावी झालेली लेकरं त्या वेळी घरी असतात, म्हणून पहिल्या रविवारी आली. जुलैत ती संभाजीनगरला, पुण्याला, लातूरला नीटच्या क्लासला निघून गेली. तुमच्या १७ मधली चार-पाच तर गावातच नसतील. ती तुमच्यामुळं गेलेली नाहीत, आणि गिटार वाजवून परतही येणार नाहीत.

मी जे केलं ते साधं होतं. हजेरीची वही बंद केली आणि दुसरी काढली. एका पानाला एक नाव. त्याखाली घरात कोण-कोण, सध्या काय करतो, कुठल्या वारी किती वाजता घरी सापडतो आणि शेवटचं बोलणं कधी झालं, एवढंच. आध्यात्मिक काहीच नाही. मग आठवड्याला दोन घरं धरली. जाताना बायबल हातात घेऊन जायची नाही, कारण हातात बायबल दिसलं की आई लगेच चटई टाकते, शेजारच्यांना हाक मारते आणि पोरगं मागच्या दारानं निघून जातं. चहाला बसायचं. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. निघताना घरच्यांनी म्हटलंच तर छोटी प्रार्थना.

त्या वर्षी कळलं ते ऐका. एक जण वाळूजला कंपनीत पाळीवर होता. त्याची सुट्टी रविवारी नव्हतीच, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी दुपारी झोपलेला असतो. मी मात्र त्याच्या नावापुढं सात फुल्या मारल्या होत्या. दुसरा पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर आणि संध्याकाळी अभ्यासिका. दोन बहिणींना अंधार पडल्यावर घराबाहेर परवानगी नव्हती, आणि आमची मीटिंग हिवाळ्यात संपायची सव्वासातला. एका घरानं मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला जाणार आणि सोळा वर्षांची पोरगी धाकट्या भावंडांना आणि आजीला सांभाळायला मागं राहणार. ती येईल कशी? एक पोरगा पंचकमिटीच्या निवडणुकीत त्याच्या बापाला पाडलं म्हणून रुसला होता. आणि एक, जो मला सगळ्यात उर्मट वाटायचा, तो म्हणाला, "ताई, तुम्ही गोल बसवून एकेकाला मोठ्यानं प्रार्थना करायला लावता. मला बोलता येत नाही. माझी पाळी जवळ आली की हात गार पडतात."

हे शेवटचं मला फार लागलं. दर रविवारी मीच त्याला हाकलत होते, आणि वर त्याच्यासाठी उपवास प्रार्थनाही करत होते.

त्यानंतर काही बदल केले. दोन तासांची मीटिंग चाळीस मिनिटांवर आणली आणि सकाळच्या उपासनेला जोडून ठेवली, म्हणजे पोरींना वेगळी परवानगी काढावी लागत नाही. मोठ्यानं प्रार्थना करायची ज्याची इच्छा त्यानंच करायची. कंपनीवाल्या तिघांची सुट्टी एकाच दिवशी यायची. त्या संध्याकाळी कॉलनीतल्या एका ओट्यावर आम्ही बसू लागलो. तिथं कधी पाव तास वचन व्हायचं, कधी नुसत्या कॉन्ट्रॅक्टरला शिव्या. कमिटीपुढं मी त्यालाही तरुण संघाचीच मीटिंग म्हटलं. तुमच्याकडं सकाळची वेळ जमेलच असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारची सकाळसुद्धा शेतात जाते. पण वेळ ठरवण्याआधी वही भरा.

मुलींचं थोडं जास्त सांगते, कारण पुरुष मंडळी हे विसरतात. माझ्या पाचव्या वर्षी मे महिन्यात आम्ही एक दिवसाची सहल काढली. गाडी भाड्याची, परतायला उशीर, वाटेत टायर फुटला. पोरी घरी पोचल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वाईट काहीच झालं नव्हतं. मीही गाडीत होते, गाणी म्हणत आलो होतो. पण निम्म्या पालकांना मी फोन केला नव्हता, आणि पुढचं जवळपास वर्षभर एकही मुलगी संघात आली नाही. आई-बापांवर तेव्हा मला राग होता. आज नाही. गल्लीत चार डोळे उघडे होते आणि उत्तरं त्यांना द्यावी लागली, मला नाही. तेव्हापासून पालकांची लेखी परवानगी, मुलींसोबत दोन मोठ्या बाया आणि दिवेलागणीच्या आत घरी, असं ठरवून टाकलं. निघायला उशीर झाला तर कार्यक्रम कापायचा, परतीची वेळ नाही. तुम्ही पुरुष आहात, तर एखादी ताई किंवा पाळकीणबाई बरोबर असल्याशिवाय मुलींचा कुठलाच कार्यक्रम घेऊ नका. कुणाशीही बंद दाराआड एकट्यानं समुपदेशन नको, आणि रात्री अकराला मेसेजवर 'काय झालं बेटा' हेही नको. तुमचं मन कितीही साफ असलं तरी.

आता जी पाच येतात त्यांच्याकडं वळू. ती काय करतात? तुम्ही लिहिलंय की तुम्हीच गाता, तुम्हीच संदेश देता, चटया तुम्हीच टाकता आणि उचलताही तुम्हीच. मग त्यांनी यायचं कशाला? नुसतं ऐकायला मोबाइलमध्ये तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले बोलणारे पन्नास पाळक आहेत.

हे काही नवं दुखणं नाही. १८८१ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकानं ख्रिश्चन एन्डेव्हर सुरू केलं. आपल्याकडंही जुनी माणसं त्याला सीई म्हणतात, तुमच्या मंडळीतल्या एखाद्या आजोबांना विचारून पाहा. त्यात प्रत्येक तरुणाला कुठल्या ना कुठल्या समितीत घालून कामाला लावायचं. कुणी प्रार्थना सभा बघायची, कुणी गाणी, कुणी नव्या माणसांची ओळख करून घ्यायची. मला त्यांच्या शपथा-बिपथा फारशा पटत नाहीत, आजच्या पोरांना तर नाहीच पटणार. पण काम वाटून द्यायची गोष्ट पक्की आहे. काम मात्र खरं हवं, म्हणजे बिघडलं तर सगळ्यांना दिसेल असं. फळा पुसायला लावला तर ते पोरांना लगेच ओळखू येतं.

माझ्या अनुभवात नाताळची गीतफेरी ही सगळ्यात चांगली शाळा. डिसेंबरच्या थंडीत आठ-दहा रात्री घरोघर जायचं, ढोलक, खंजिरी, कुणाकडं चहा, कुणाकडं करंज्या आणि लिफाफ्यात अर्पण. त्याचा हिशोब मी एका सतरा वर्षांच्या पोराकडं दिला. कमिटीतले एक अंकल म्हणाले, हे लेकरू पैसे खाईल. शेवटी हिशोबात चाळीस रुपये कमी पडले. त्यानं ते स्वतःच्या खिशातून घातले आणि कुणाला सांगितलं नाही. मला त्याच्या आईकडून कळलं. मी त्याला बसवून सांगितलं की कमी पडले तर 'कमी' असं लिहायचं, खिशातून घालायचं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या वहीत 'फरक रु. १५, कारण सापडले नाही' अशी ओळ होती. ती वही मी मुद्दाम कमिटीपुढं ठेवली. मोठ्यांच्या हिशोबात अशी ओळ मी आजवर पाहिली नाही, पण ते असो.

तसाच कापणीचा सण. ज्वारीची पेंढी, शेवग्याच्या शेंगा, कोंबडा, भोपळा असं काय काय वेदीपुढं येतं आणि मग लिलाव. लिलाव पुकारायला पोरांना उभं करा. एकदा एका मुलीनं एकच भोपळा तीनदा विकला, कारण घेणारा प्रत्येक जण तो परत देवालाच द्यायचा. एरवी कुणाशी वर बघून न बोलणारी ती मुलगी, त्या दिवशी तिनं डॉक्टरसाहेबांना भर मंडळीत 'एवढ्यावर थांबता का अंकल' म्हणून चिडवलं. माझे संदेश कुणाला आठवत असतील असं वाटत नाही, भोपळा अजून सगळ्यांना आठवतो.

आणि २०१३ चा उन्हाळा. त्या दुष्काळात जालन्याचे पाण्यासाठी काय हाल झाले ते तुम्हाला माहीत असेल. मार्च ते जून आमची मीटिंग जवळजवळ बंद होती, कारण टँकर यायची वेळ आणि मीटिंगची वेळ एकच. मग आम्ही मीटिंगच सोडली. मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्या एकट्या राहायच्या त्यांच्या घरांची यादी केली आणि पोरांनी ड्रम, घागरी भरून द्यायच्या असं ठरलं. शेजारची घरं आपल्या धर्माची नव्हती, त्यांच्याही घागरी रांगेत आल्या. विचारायचा प्रश्नच नव्हता. हजेरीच्या हिशोबानं ते आमचं सगळ्यात पडकं वर्ष. वहीच्या हिशोबानं सगळ्यात भरलेलं, कारण कोण कुठं आहे हे मला रोज माहीत असायचं.

अंकल लोकांच्या तक्रारीवर आता. खरं सांगू? ते अर्धे बरोबर आहेत. गाण्याचा आवाज वाढला की वचन मागं पडतं, हे मीही पाहिलंय. पण त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. आमच्याकडं एक आजोबा जुन्या चाली बसवायचे. मी त्यांना सांगितलं, महिन्यातून एक गीत पोरांना तुम्ही शिकवा. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. परक्या चालींवर ओढूनताणून बसवलेली गाणी आपल्या माणसांच्या तोंडी रुळत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि भजनाच्या, अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली. आजोबांनी टाळ धरला, पोरांनी कहोन, म्हणजे पेटीसारखा लाकडी ढोल, बडवला. ताल दोनदा चुकला, आजोबा रागावले आणि तिसऱ्यांदा जमलं. पुढच्या कमिटीत 'नुसता दंगा' हा शब्द निघाला तेव्हा आजोबाच तावातावानं उठले. मला बोलावंच लागलं नाही.

एका गोष्टीवर जपून बोलावं लागतं, पण मराठवाड्यात काम करायचं तर टाळता येत नाही. गीतफेरीचे फोटो तुम्ही ग्रुपवर टाकता. काही पोरं फोटोच्या वेळी मागं सरकतात किंवा नंतर 'काढून टाका' म्हणतात. मीही आधी त्यांना सुनावायची, प्रभूची लाज वाटते का म्हणून. मग एका घरात चहाच्या वेळी कळलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना, पुढं १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती माणसाला नाही. आपल्यातल्या किती घरांत एक नाव शाळेच्या दाखल्यावर आणि दुसरं मंडळीच्या नोंदवहीत असतं, ते तुम्हालाही माहीत असेल. जो पोरगा शिष्यवृत्तीवर शिकतोय त्याच्या घरात या फोटोवरून रात्रभर भांडण होतं. कागदावर खोटं लिहा असं मी कुणाला कधीच सांगणार नाही, आणि जो या कात्रीत सापडलाय त्याला अठराव्या वर्षी भर सभेत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला लावणारही नाही. हा निर्णय त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी डोळे उघडे ठेवून घ्यायचा. आपण वकिलाचा किंवा जाणत्या माणसाचा पत्ता द्यावा आणि फोटो विचारल्याशिवाय टाकू नये.

मंडळीबाहेरचे मित्र-मैत्रिणी येतील तेव्हाही तसंच. नाताळाला आले तर आनंद. पण लेकरू अठराच्या आतलं असेल तर त्याच्या आई-बापाला माहीत आहे ना, हे मी फोन करून विचारायची.

आणि जे लिहायला नको वाटतं पण लिहिते. तुम्ही घरी जाऊ लागलात, पोरांचा विश्वास बसला की कुणीतरी एक दिवस म्हणेल, "दादा, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या." ते वचन देऊ नका. मी एकदा दिलं होतं, आणि त्या लेकराला मदत मिळायला त्यामुळं काही महिने उशीर झाला. ते ओझं अजून माझ्यावर आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. अत्याचार करणारा मंडळीतला मानाचा माणूस असला तरी, आणि कमिटी 'आपसात मिटवू' म्हणाली तरीसुद्धा. मी नंतर असं म्हणायला शिकले: "तुझ्या भल्यासाठी कुणाला सांगावं लागलं तर तुला आधी सांगून मगच सांगेन." बरेच जण तरीही बोलतात. लेकरांसाठी १०९८, आणि मनानं खचलेल्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निकालाच्या दिवसांत, विशेषतः नीटच्या, मी ज्यांचे निकाल असायचे त्या सगळ्यांना त्याच संध्याकाळी फोन करायची. मार्क विचारायची नाही. जेवला का, एवढंच.

सोडू का, याचं उत्तर. आत्ता नाही. पाळकसाहेबांना भेटा आणि स्पष्ट सांगा की पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) मला आकडा विचारू नका, मी घरं फिरतोय. वाटलं तर त्यांनाही दोन घरी घेऊन जा. त्यांना आवडेल, पाळकांना बरेचदा प्रेतविधीलाच बोलावलं जातं. पाचांमधल्या दोघांना सोबती करा, एक मुलगा, एक मुलगी, आणि येत्या गीतफेरीचा हिशोब तुम्ही हातात घेऊ नका. सण झाल्यावरही वहीची पानं कोरी असतील आणि घरी जायचा तुम्हालाच कंटाळा येत असेल, तर खुशाल सोडा. त्यात पाप नाही. प्रत्येकानं तरुणांतच काम करावं असं कुठं आहे? माझी एक सोबतीण दोन वर्षांत कंटाळली आणि शब्बाथ शाळेत, म्हणजे लेकरांच्या रविवारच्या वर्गात, गेली, तिथं ती सोनं आहे.

पहिल्या आठवड्यात कुणाकडं जायचं, असं तुम्ही विचाराल. दिवाळीनंतर जी घरं ऊसतोडीला निघणार आहेत त्यांच्याकडं, कारण बाकीची नोव्हेंबरातही सापडतील. आई-बाप कुठल्या कारखान्यावर जाणार, मागं कोण राहणार, फोन कुणाकडं असेल, एवढं लिहून घ्या.

आणि प्रोजेक्टर परत करू नका. नाताळच्या नाटकाला मागचा पडदा म्हणून लागेल. आमच्याकडं बेथलेहेमच्या मागं तीन वर्षं कुणाच्या तरी शेतातली कडब्याची गंजी दिसायची, आणि खरं तर शोभायची.